उन्हाळा सरता सरता गोधडी आणि भरतकाम पुढे कसं न्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याचे शेवटचे आठवडे आले की मला साधारण हेच प्रश्न फिरून फिरून येतात. दिवस अजून मोठा असतो, उजेड भरपूर असतो, पण हवा गरम आणि दमट, हाताला घाम, आणि कपाटात अर्धवट कामं. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. जिथे एक गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आलीय तिथे नुसता नंबर दिलाय, परत लिहिलं नाहीये.

१. उन्हाळ्यात करायची म्हणून काढलेली एकही गोष्ट पूर्ण झाली नाहीये, आता नेमकं कुठून सुरू करू?

आधी सगळं बाहेर काढा, एकदाच, पलंगावर किंवा जमिनीवर चादर अंथरून. मग एकेक काम हातात घ्यायचं आणि स्वतःला एवढंच विचारायचं की याची पुढची पायरी काय. "अर्धं झालंय" हे उत्तर धरायचं नाही. "शेवटच्या दोन ओळी जोडायच्यात", "मागचं कापड कमी पडतंय", "गोट (कडेची पट्टी) लावून झालाय, फक्त मागून हातशिलाई राहिलीय" असं उत्तर पाहिजे. ते एका चिठ्ठीवर लिहून त्या कामाच्या पिशवीला पिनेने लावून टाका. माझा अनुभव असा की कामं पडून राहतात ती कंटाळ्याने कमी आणि पुढे काय करायचं होतं तेच आठवत नाही म्हणून जास्त.

आणि मग जे संपायला सगळ्यात जवळ आहे ते आधी घ्या, सगळ्यात आवडतं ते नाही. एक काम संपलं की त्यातल्या पिना, भरतकामाची रिंग, पिशवी, जागा सगळं मोकळं होतं आणि पुढचं काम आपोआप हलकं वाटतं.

२. एवढ्या उकाड्यात मांडीवर गोधडी घेऊन बसवतच नाही, मग काम पुढे जाणार कसं?

नका घेऊ मांडीवर. मला या सगळ्या पानात एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच, की कामाचे टप्पे हवामान बघून वाटून घ्यायचे. तीन थर (वरचं जोडकाम, मधलं अस्तर, मागचं कापड) एकत्र झालेली मोठी गोधडी हे थंडीतलं काम आहे, उन्हाळ्याच्या शेवटी लहान तुकड्यांची कामं करायची: कापणं, ब्लॉक (तुकड्यांचे चौकोन) जोडणं, कागदावर षटकोन टाचणं, ॲप्लिकच्या (कापडावर लावायच्या तुकड्यांच्या) कडा दुमडणं, रिंगमधलं भरतकाम. १ इंच बाजूचे षटकोन तर तळहातावर मावतात. मधला १, त्याभोवती ६ आणि त्याच्याभोवती १२ असे १९ जोडले की दोन फेऱ्यांचं एक फूल होतं, आणि एवढं सगळं सामान एका छोट्या डब्यात बसतं.

मोठी गोधडी आत्ताच करायची असेल तर ब्लॉक-ब्लॉकने करा, म्हणजे प्रत्येक ब्लॉकला त्याचं मधलं अस्तर आणि मागचं कापड लावून तो सुटाच धावदोऱ्याने भरून (तिन्ही थरांतून टाके घालून) घ्यायचा आणि शेवटी सगळे ब्लॉक पट्ट्यांनी जोडायचे. शेवटच्या जोडणीपर्यंत अंगावर एकाच ब्लॉकचं वजन असतं. गोधडी आधीच तीन थरांची होऊन बसली असेल तर टेबलाशी बसा, सगळा भार टेबलावर पसरू द्या आणि जेवढा भाग भरायचाय तेवढाच पुढे ओढा. (थर जोडून बरेच दिवस झाले असतील तर प्र. १३ बघा.)

३. हातात साधारण दीड महिना आहे, त्यात किती होईल याचा हिशोब कसा करायचा?

आधी एक तास घड्याळ लावून काम करा आणि किती झालं ते मोजा. दुसऱ्या कोणाचा वेग घेऊन हिशोब केला तर तो चुकणारच.

क्रॉस स्टिचचं उदाहरण घेते. १४ काउंटच्या कापडावर एका इंचात १४ फुल्या, म्हणजे एका चौरस इंचात १९६. चित्र ५ × ७ इंचांचं आणि पूर्ण भरलेलं असेल तर ३५ × १९६ = ६,८६० फुल्या झाल्या. माझ्या तासाला साधारण १०० फुल्या होतात, म्हणजे जवळजवळ ६९ तास. रोज पाऊण तास धरला तर ४२ दिवसांत साडेएकतीस तास मिळतात, म्हणजे अर्ध्याच्याही थोडं आतच थांबणार. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर माणूस शेवटच्या आठवड्यात स्वतःवर चिडतो आणि काम फेकून देतो, खरं तर त्याची काही चूक नसते.

गोधडीचा हिशोब सोपा आहे. ४८ × ६० इंचांची मांडीवरची गोधडी, १२ इंची ब्लॉक, म्हणजे ४ × ५ = २० ब्लॉक. आठवड्याला ४ केले की ५ आठवड्यांत ब्लॉक संपले आणि एक आठवडा जोडायला. पूर्ण गोधडी असं लक्ष्य मात्र ठेवू नका, "वरचा थर पूर्ण" हे दीड महिन्याचं चांगलं लक्ष्य आहे.

४. मला सलग वेळ मिळतच नाही, पंधरा-वीस मिनिटांत काही होतं का?

होतं, पण त्या पंधरातली दहा मिनिटं शोधाशोधीत जाता कामा नयेत. मी उठायच्या आधी पुढच्या बैठकीची तयारी करून ठेवते. चार-पाच सुया ओवून सुईच्या फेल्टच्या पानावर लावते, पुढचे दोन तुकडे एकमेकांना पिन करून ठेवते, नक्षीच्या नकाशावर जिथे थांबले तिथे खूण करते. आणि शक्यतो रंग किंवा ओळ संपल्यावर थांबत नाही, मधेच थांबते. ऐकायला विचित्र वाटेल पण अर्ध्यात सोडलेली ओळ दुसऱ्या दिवशी विचार न करता हातात घेता येते, पूर्ण केलेल्या ओळीनंतर मात्र "आता कुठला रंग" इथपासून सुरू करावं लागतं.

दोऱ्याचं गणित पण सोबत ठेवा. भरतकामाच्या ८ मीटरच्या लडीतून ४५ सेंटीमीटरचे साधारण १७ तुकडे निघतात, प्रत्येकात ६ पदर, दोन पदरी काम असेल तर एका लडीतून पन्नासेक सुया ओवून होतात. ४५ सेंटीमीटर म्हणजे बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. याहून लांब दोरा घेतला की तो कापडातून जाऊन जाऊन पिसारतो आणि गाठी पडतात, वेळ वाचत नाही.

५. सुई कुठली वापरायची? नंबरांचा गोंधळ होतो.

हाताच्या सुईत नंबर वाढला की सुई बारीक होते, मशीनच्या सुईत उलटं, नंबर वाढला की जाड. इथेच सगळे चुकतात. हाताने गोधडी भरायला आखूड सुई लागते, ९ किंवा १० नंबर बहुतेकांना जमते, नवीन असाल तर ८ पासून सुरू करा. १४ काउंटच्या क्रॉस स्टिचला बोथट टोकाची २४ नंबर, १८ काउंटला २६. मशीनला सुती तुकडे जोडायला ८०/१२ आणि तीन थर शिवायला ९०/१४. यातला ८० म्हणजे सुईची जाडी ०.८ मिलिमीटर.

६. हाताला घाम येतो, सुई बोटातच अडकते आणि कापड मळतं. पावडर लावू का?

पावडर नको, ती कापडावर बसते आणि घामात मिसळून तिचाच लगदा होतो. हात साध्या साबणाने धुवून कोरडे करा, क्रीम लावू नका, आणि मांडीवर एक सुती रुमाल ठेवून दर थोड्या वेळाने बोटं पुसा. पंखा चालेल पण वारा हातावर येऊ दे, टेबलावर नको, नाहीतर कापलेले तुकडे उडतात. मी तुकडे फ्लॅनेलच्या कापडावर मांडून ठेवते, सुती कापड त्याला नुसतंच चिकटून राहतं.

सुई अडकते कारण घामाने ती खडबडीत व्हायला लागलेली असते. एमरी पावडर भरलेल्या छोट्या उशीत चार-पाच वेळा खुपसून काढा, गुळगुळीत होते. ज्यांच्या हाताला खूपच घाम येतो त्यांच्या सुयांचा मुलामा लवकर काळा पडतो, त्यांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या सुया वापरून बघाव्यात, त्यांवर घामाचा परिणाम कमी होतो. सुई ओढायला रबरी बोटमोजाही छान, पण तो सतत घालून ठेवला तर आत बोट घामेजतं.

७. सुई कापडातच राहिली होती, आता गंजाचा डाग पडलाय. जाईल का?

ताजा असेल आणि कापड पांढरं सुती असेल तर बऱ्याचदा जातो. लिंबाचा रस आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवायचं आणि साध्या पाण्याने नीट धुवायचं, एकदा गेला नाही तर परत करायचं. रंगीत कापडावर किंवा रंगीत धाग्यावर हे करायच्या आधी कोपऱ्यावर करून बघा कारण लिंबू रंगही उडवतं, ऊन मिळालं तर जास्तच. क्लोरीनचं ब्लीच मात्र गंजावर कधीही नको, त्याने डाग आणखी पक्का होतो.

यापुढे सुई कामाच्या भागात टोचून ठेवायचीच नाही, कडेच्या मोकळ्या कापडातही नाही, दमट दिवसांत तर एका रात्रीतही खूण उमटू शकते. सेफ्टी पिनांचं पण तेच, महिनोन्महिने गोधडीत राहणार असतील तर त्याऐवजी दोऱ्याचे कच्चे टाके घाला.

८. रिंगचा गोल वळ पडलाय, इस्त्रीने जात नाही.

वळ दोन प्रकारचे असतात. नुसती घडी असेल तर ती ओल्या कापडाने किंवा वाफेने जाते. पण उन्हाळ्यात जो पिवळट गोल उमटतो तो घडीचा नसतो, हाताचा घाम आणि मळ रिंगच्या कडेला साठून तयार झालेला असतो, आणि त्यावर गरम इस्त्री फिरवली की तो बसतो. म्हणून आधी धुवा, मग इस्त्री. कामाचा रंग पक्का आहे की नाही याची खात्री नसेल तर प्र. १६ वाचून मगच पाण्यात घाला.

पुढच्या वेळी आतल्या कडीला सुती पट्टी गुंडाळा, कापड घट्ट धरलं जातं आणि वळही कमी पडतो. आणि प्रत्येक बैठक संपली की रिंग काढून ठेवा. दोन मिनिटांचा कंटाळा येतो हे मान्य, पण मी एकदा तीन आठवडे तशीच ठेवली होती आणि तो गोल शेवटपर्यंत दिसत राहिला.

९. खुणा करायच्या पेनाचं काही कळत नाही. एकाची रेघ काम व्हायच्या आधीच गायब होते, दुसऱ्याची धुऊनही जात नाही!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हवेने उडणारं पेन, बहुतेक जांभळ्या शाईचं असतं. कोरड्या हवेत रेघ एक-दोन दिवस टिकते, दमट हवेत काही तासांत, कधीकधी तर काही मिनिटांतच उडते. म्हणजे पेन खराब नसतं, हवा दमट असते. या दिवसांत त्या पेनाने पूर्ण नक्षी काढून ठेवायचीच नाही, आज जेवढं भरणार तेवढंच काढायचं.

पाण्याने जाणारं पेन, बहुतेक निळं. हे टिकतं, पण त्याला उष्णता चालत नाही. रेघ असताना इस्त्री केली, किंवा काम उन्हात किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलं, की शाई कापडात कायमची बसू शकते. धुताना पण आधी साधं थंड पाणी भरपूर वापरायचं, साबण नंतर, कारण साबणाचं पाणी आधी लागलं तरी काही शाया पक्क्या होतात. आणि नुसतं ओल्या फडक्याने टिपलं तर शाई खाली मधल्या थरात जाते आणि कापड वाळल्यावर परत वर येते. पूर्ण बुडवून धुवा.

उष्णतेने जाणारं जेल पेन. ६० अंश सेल्सियसच्या आसपास रेघ दिसेनाशी होते, म्हणून इस्त्री फिरवली की साफ. पण शाई तिथेच असते, फक्त दिसत नाही, आणि कापड शून्याच्या खाली दहा-वीस अंशांवर गेलं की रेघ परत येऊ शकते. थंड प्रदेशात भेट पाठवणार असाल तर हे लक्षात ठेवा. शिवाय तापलेल्या बंद गाडीत ठेवलेल्या कामाची सगळी नक्षी एका दुपारी पुसली जाऊ शकते. काही गडद कापडांवर याच शाईची फिकट पांढरी रेघ मागे राहते, तीही जात नाही.

माझं मत विचाराल तर सुती गोधडीवर सरळ रेघांसाठी मी शाई वापरतच नाही, कागदी चिकटपट्टी लावते किंवा बोथट सुईने किंवा अशाच एखाद्या टोकाने कापडावर रेघ ओढून दाब उमटवते. फक्त पट्टीही उन्हात ठेवू नका, आणि रात्रभर तशीच सोडू नका, चिकटा राहतो.

१०. संध्याकाळी काळ्या कापडावर काही दिसत नाही, डोळे दुखतात.

काळं आणि गडद निळं काम दिवसा करायचं, मोठ्या दिवसांचा हाच तर फायदा आहे. उजव्या हाताने शिवत असाल तर उजेड डावीकडून येऊ दे, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. काळ्या कापडाखाली मांडीवर पांढरं कापड ठेवा, भोकं लगेच दिसतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघायचं, घड्याळ लावूनच, कारण कामात असलो की लक्षात राहत नाही. खिडकीशी बसा पण काम ऊन पडेल तिथे ठेवून उठू नका, रंग उडतात आणि दुमडलेल्या भागात फरक दिसतो.

११. इस्त्रीजवळ उभंच राहवत नाही. तुकडे जोडताना प्रत्येक वेळी इस्त्री केलीच पाहिजे का?

प्रत्येक शिलाईला गरम इस्त्री नको, दाब हवा. लाकडी पट्टी किंवा नखाने शिलाई उघडून बसवली तरी पुढची शिलाई घालता येते, आणि सगळ्याची मिळून इस्त्री सकाळी एकदम करायची. फक्त ओळी एकमेकींना जोडायच्या आधी मात्र खरी इस्त्री हवीच. इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची, घासली की उरेब (तिरक्या कापलेल्या) कडा लांबतात. आणि स्टार्च लावून कापड साठवू नका, त्याला कीड लागते. ज्या दिवशी शिवायचं त्याच दिवशी लावा.

१२. कापड आधी धुवून घ्यायचं की तसंच कापायचं?

सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटू शकतं, म्हणजे ६० इंचांमागे दोन-तीन इंच. सगळं कापड सुती असेल आणि तुम्हाला धुतल्यावर येणारी सुरकुती आवडत असेल तर न धुता चालतं, बऱ्याच गोधड्या त्यानेच छान दिसतात. पण लाल, गडद निळा, काळा असे रंग असतील, किंवा जुनी आणि नवी कापडं एकत्र येणार असतील, किंवा भरतकामाचं कापड असेल तर आधी धुवाच. एकच नियम पक्का, एका गोधडीत अर्धी कापडं धुतलेली आणि अर्धी कोरी असं करू नका. गरम दिवसांत धुतलेलं लगेच वाळतं, त्यामुळे पुढच्या काही महिन्यांचं कापड आत्ताच धुवून घडी करून ठेवता येतं.

१३. ताई, तीन थर टाचून चार महिने झाले, अजून भरायला घेतलं नाहीये. परत टाचावं लागेल का?

उलटी करून मागची बाजू बघा. मागचं कापड सपाट असेल, मधे चुण्या नसतील तर तसंच पुढे जा. हात फिरवून बघितल्यावर कुठे फुगा लागला तर तेवढा भाग उसवून परत टाचा, पूर्ण उसवायची गरज नाही. टाके किंवा पिना एका तळहातापेक्षा, म्हणजे १० ते १५ सेंटीमीटरपेक्षा लांब असतील तर मधे आणखी घाला. पिना असतील तर एक-दोन उघडून गंज बघा (प्र. ७). स्प्रेने चिकटवलं असेल तर चार महिन्यांत त्याची पकड सैल झालेली असू शकते, अशा वेळी मी कडेकडेने आणि मधून मोठे कच्चे टाके घालूनच सुरू करते.

भरायला कायम मधून सुरू करून कडेला जायचं, म्हणजे जी काही ढिलाई असेल ती बाहेर सरकते.

१४. धावदोऱ्याच्या ओळी किती जवळ हव्यात? आणि इंचात किती टाके आले की चांगलं?

ओळींचं अंतर मधल्या अस्तराच्या पाकिटावर छापलेलं असतं, तेच पाळा. काही अस्तरांना २ ते ४ इंच लागतं, काहींना ८ ते १० इंचही चालतं. त्याहून लांब ठेवलं तर धुतल्यावर आतला थर गोळा होतो. उन्हाळा संपायच्या आत उरकायचं म्हणून ओळी विरळ करायचा मोह होतो, त्यासाठी आधीच जास्त अंतर चालणारं अस्तर घ्या, नंतर तडजोड नको.

टाक्यांचं म्हणाल तर सरावलेल्या हाताचे इंचाला ८ किंवा जास्त येतात, नवीन हाताचे ५-६. पण आकडा मोजत बसू नका. ५ सारखे टाके ९ वेड्यावाकड्यांपेक्षा कितीतरी छान दिसतात.

१५. सगळे ब्लॉक एकाच मापाने कापले तरी ओळी एकमेकींना जुळत नाहीत, असं का?

कापणं बरोबर असतं, शिलाईचं मार्जिन (कडेपासून शिलाईपर्यंतचं अंतर) चुकतं. पाव इंचाऐवजी प्रत्येक शिलाई एक-सोळांश इंच जास्त आत गेली तर दोन्ही बाजूंनी मिळून एका शिलाईला एक-अष्टमांश इंच जातो, आणि ओळीत ८ शिलाया असतील तर पुरा १ इंच गेला. तपासायचं असं: दीड इंची तीन पट्ट्या घ्या, एकमेकींना जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर १ इंच दिसली आणि एकूण रुंदी साडेतीन इंच आली तर मार्जिन बरोबर.

आधीच झालेले ब्लॉक उसवत बसण्यापेक्षा सगळे मोजा आणि सगळ्यात लहान ब्लॉकच्या मापाला बाकीचे कापता येतात का बघा. टोकदार नक्षी असेल तर कापू नका, टोकं जातात, तिथे लहान ब्लॉकच्या भोवती बारीक पट्टी लावून तो मोठा करायचा. उरेब कडा असलेले ब्लॉक दमट हवेत नुसते हाताळून पण ताणले जातात, ते शिवायच्या आधी सपाट ठेवा, टांगू नका.

१६. लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्या कापडावर उतरला. मी रडायच्या बेतात आहे.

वाळू देऊ नका आणि इस्त्री करू नका, या दोन गोष्टी पाळल्या तर बहुतेक वेळा वाचतं. लगेच मोठ्या भांड्यात भरपूर थंड पाण्यात बुडवा, पाणी रंगलं की बदला, रंग येणं थांबेपर्यंत, तासन्‌तास लागले तरी चालतील. पाणी कमी घेतलं तर सुटलेला रंग परत कापडावरच बसतो, म्हणून भांडं मोठंच घ्या. रंग शोषणारे कागद मिळतात, ते सोबत टाका. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका, आणि सावलीत सपाट वाळवा.

वाळून इस्त्री झालेला डाग जवळजवळ जात नाही हे खरंय, तरी एकदा रात्रभर पाण्यात ठेवून बघा. पुढच्या वेळी लाल दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचा, त्याचा रंग लागला तर आधीच धुवून घ्यायचा.

१७. मशीन उन्हाळ्यात फार त्रास देतं, दोरा सारखा तुटतो.

क्रमाने बघा: दोरा वरून काढून परत ओवा, सुई बदला, बॉबिनखालचा कापसाचा मळ ब्रशने काढा, मग टेन्शन (दोऱ्याचा ताण). टेन्शनला शेवटी हात लावायचा, सगळे आधी तेच फिरवतात. सुई साधारण ८ तासांच्या शिवणानंतर बदलायची असते, गोधडीच्या तीन थरांना त्याआधीही. दोरा जुना असेल तर दोन्ही हातांत धरून ओढा, पटकन तुटला तर तो कच्च्या टाक्यांना ठेवा, शिलाईला नको. रिळं खिडकीत ठेवली असतील तर उन्हानेच ती कमजोर झालेली असतात.

१८. गोटाला किती कापड लागेल?

परीघ अधिक १० इंच. ४८ × ६० च्या गोधडीचा परीघ २१६, म्हणजे २२६ इंच पट्टी हवी. अडीच इंची पट्ट्या, कापडाची वापरता येणारी रुंदी ४० इंच धरली तर ६ पट्ट्यांचे २४० होतात, पण तिरक्या जोडात दर जोडाला अडीच इंच जातात, ५ जोडांचे साडेबारा वजा केले की राहतात २२७ च्या थोडं वर. अगदी काठावर बसतं, म्हणून मी ७ कापते. सरळ कडांच्या गोधडीला सरळ पट्टी पुरते, गोलाई असेल तरच उरेब पट्टी हवी.

गोट हे उन्हाळ्यातलं चांगलं काम नाही कारण पूर्ण गोधडी अंगावर येते. पट्ट्या कापून, जोडून, दुमडून गुंडाळी करून ठेवा आणि लावायचं काम जरा थंड झाल्यावर घ्या.

१९. कामाला कुबट वास यायला लागलाय. कसं ठेवायचं?

हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते, आणि बंद प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकून पडते. सुती पिशवी किंवा जुनी उशीची खोळ वापरा, ठेवण्याआधी काम पूर्ण कोरडं आहे ना बघा, घाम लागलेलं काम पण ओलंच समजा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून हवेशीर सावलीत पसरा आणि परत घडी घालताना घडी वेगळ्या ठिकाणी घाला, नाहीतर त्याच रेषेत कापड झिजतं. डांबराच्या गोळ्या टाकायच्याच असतील तर कापडाला लागू देऊ नका. काळे ठिपके आधीच दिसत असतील तर ते काम बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा.

२०. मनगट आणि अंगठा दुखतो पण काम थांबवायचं नाहीये.

थांबवू नका, बदला. एक तास धावदोरा, मग कापणं किंवा आखणं. सुई चिमटीत घट्ट दाबायची सवय असेल तर बहुतेक वेळा सुई खडबडीत झालेली असते (प्र. ६) किंवा अंगुस्तान मापाचं नसतं. उन्हाळ्यात बोटं किंचित सुजतात, थंडीत बसणारं अंगुस्तान आता आवळतं, म्हणून एक मोठं माप जवळ ठेवा. अंगठ्याच्या मुळाशी दुखणं चार-पाच दिवस विश्रांती घेऊनही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

२१. मधेच काहीतरी नवीन सुरू करावंसं वाटतं. करू का?

करा, पण एकच, आणि प्र. १ मधल्या चिठ्ठीसकट. मी नेहमी दोन कामं चालू ठेवते, एक विचार करायला लावणारं आणि एक नुसते हात चालवायचं, कारण दुपारच्या उकाड्यात मोजून भरायचं काम हमखास चुकतं. तिसरं आलं की आधीच्या दोघांपैकी एक संपेपर्यंत ते फक्त कापून ठेवायचं.

२२. पाच वर्षांपूर्वीचं काम सापडलं, आता आवडत नाही. पूर्ण करायलाच हवं का?

नाही. पण टाकूनही देऊ नका. ब्लॉक पाच-सहाच झाले असतील तर त्यांची उशीची खोळ होते, चौदा-पंधरा झाले असतील तर लहान मुलाची गोधडी. अर्धं भरतकाम असेल तर जेवढं झालंय तेवढ्याभोवती चौकट आखून कापायचं, पण आधी मागचे दोरे पक्के करा आणि कडेने चार टाके जास्त घ्या, नाहीतर कापल्यावर उसवतं. काहीच होत नसेल तर दोरे रंगाप्रमाणे वेगळे करून कार्डावर गुंडाळा, कापड धुवा, आणि शिवून बघायला कोणी नवीन शिकणारं असेल तर त्याच्या हातात द्या. मी असं दिलेल्या सहा ब्लॉकांना एका मुलीने स्वतःचे आणखी चौदा जोडले, आणि ती गोधडी मी करत होते त्यापेक्षा खूप सुंदर झाली.